रुमाल उचलायचा नाही

दर जुलै महिन्यात इथे अमेरिकेत, प्लेनोतल्या आमच्या मराठी घरांत एका विषयावर हमखास भांडण होतं. विषय राजकारण नव्हे, पुणं श्रेष्ठ की नागपूर हा नव्हे, पुरणात गूळ की साखर हाही नव्हे. बास्केटबॉलचे दोन मोठे खेळाडू आपसांत ठरवून एकाच संघात गेले, हे बरोबर की चूक, यावर पॉटलकमध्ये, प्रत्येकानं घरून आणलेल्या पदार्थांची प्लेट हातात घेऊन माणसं तावातावानं बोलतात. "पळपुटे आहेत यार. एकट्याला जिंकता येत नाही म्हणून गँग केली." मग कुणाला तरी आठवतं की शोभाकाकू याच धंद्यात होत्या, आणि सगळे माझ्याकडे वळतात. मी तोंडातला घास संपवते आणि म्हणते, "बरं केलं त्यांनी."

हे उत्तर कुणालाच आवडत नाही. यंदा आमच्या मंडळाच्या अंकाच्या संपादिकाबाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही एकदा लिहूनच टाका, म्हणजे दरवर्षी भांडावं लागणार नाही." मी लगेच हो म्हटलं. भांडण मिटावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. कुणी मध्ये तोंड न घालता एकदा मनसोक्त भांडता यावं, एवढंच.

माझं काम काय होतं, ते आधी सांगते. खेळाडूचा पगार ठरवायला एजंट असतो. आमचा एजंट कॅल्विन, स्वतः जुना खेळाडू. उमेदीची वर्षं त्यानं बहुतेक बाकावर बसून काढली आणि गुडघे मात्र खेळणाऱ्यांइतकेच घालवले. डोनटच्या दुकानाच्या वर त्याचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मी नागपूरला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले आणि तो व्हिसा मला काम करू देत नव्हता. बरीच वर्षं मी घरी बसले. "ॲडजस्ट कर गं थोडं" हे वाक्य त्या काळात मी इतक्यांदा ऐकलं, की आजही ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. शेवटी कामाचा परवाना आला आणि पहिल्याच आठवड्यात मी कॅल्विनच्या दारात उभी राहिले. त्याला हिशेबाला माणूस हवा होता. सगळे संघ ज्या लीगमध्ये खेळतात, तिचा खेळाडूंशी झालेला करार म्हणजे भलंमोठं बाड, ते मी वाचायला घेतलं आणि मला त्यात गोडी लागली. माझं ते बाड संपेपर्यंत कॅल्विनचं माझ्यावाचून चालेनासं झालं होतं.

या बाडाचा मथितार्थ असा. एका संघानं सगळ्या खेळाडूंना मिळून किती पगार द्यायचा, याला वरून एक छत आहे. एकट्या खेळाडूला जास्तीत जास्त किती द्यायचं, यालाही आहे. लोकांना वाटतं हे छत खेळाडूंच्या हावरटपणाला आवर घालायला आहे. अहो, संघांच्या मालकांनी ते एकमेकांच्या भीतीनं घातलंय! शेजाऱ्यानं जास्त बोली लावली तर आपल्यालाही लावावी लागेल, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं की कुणीच लावायची नाही. आता मला सांगा, सगळ्या दुकानांत भाव एकच असेल तर माणूस कुठल्या दुकानात जाईल? जिथे ओळखीचं कुणी असेल तिथे. मोठ्या खेळाडूंचं नेमकं तेच होतं. पैसा सगळीकडे तेवढाच, म्हणून ते मित्र बघतात. दारं मालकांनी बंद करायची आणि उरलेल्या एका दारातून माणूस गेला की त्याला पळपुटा म्हणायचं, हा न्याय मला पटत नाही.

ऑफिसात गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुना यायची. एकाची आई सही व्हायच्या दिवशी येऊन बसली आणि म्हणाली, मुलाला मोटारसायकल चालवायला बंदी घाला, त्याशिवाय मी सही करू देणार नाही. मी तिला दाखवलं, की तशी बंदी प्रत्येकाच्या करारात आधीपासूनच असते. बाईनं मला एवढी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला. तिचा सहा फूट नऊ इंची मुलगा कोपऱ्यात हिरमुसून बसला होता. गाडी त्यानं आधीच बुक केली होती.

आता त्या जुलैकडे येते.

टेरेल हा आमच्या भागातल्या संघाचा मोठा खेळाडू. तो आमच्याकडे नव्हता. त्याचा लहानपणचा मित्र ओमारी मात्र आमचा. ओमारीचा दुसऱ्या शहरातला करार संपून तो मोकळा झाला होता आणि त्याला टेरेलबरोबर खेळायचं होतं. शाळेत असल्यापासून दोघांचं हेच ठरलेलं. टेरेलच्याच संघात आमचा आणखी एक माणूस होता, ल्यूथर. ल्यूथर तारा वगैरे नव्हता. समोरच्या संघाच्या ताऱ्याला दमवायचं, पडलेल्या चेंडूवर झोकून द्यायचं आणि पोरांना दोन समजुतीच्या गोष्टी सांगायच्या, हे त्याचं काम. वय झालेलं, मूळचा लुइझियानाचा, मला 'मॅम' म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू होत नसे. त्याचाही करार संपला होता. पुढचा करार हा त्याचा शेवटचा, हे तोही जाणून होता आणि मीही. त्याला तो इथेच हवा होता. मुलीची शाळा इथे होती, आणि उरलेली वर्षं कुणाच्या मेहेरबानीवर काढायची नव्हती.

इथे पेच होता, आणि तो समजायला एसटीनं प्रवास केलेला असावा लागतो.

आपण गर्दीच्या वेळी एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकतो. रुमाल पडला की जागा आपली, मग आपण दारातून रेटारेटी करत सावकाश आत शिरलो तरी चालतं. लीगमध्ये अगदी हेच आहे. संघाच्या स्वतःच्या खेळाडूचा करार संपला तरी त्याच्या नावानं छताखाली थोडी जागा अडवून ठेवलेली असते. तो रुमाल. रुमाल आहे तोवर संघ बाहेरचे लोक भरून घेऊ शकतो आणि आपल्या माणसाला शेवटी, छत ओलांडूनसुद्धा, आत घेऊ शकतो. पण अडचण अशी, की रुमालही जागा खातो. नव्या पाहुण्याला पूर्ण पगाराची जागा हवी असेल, तर संघ एक कागद काढून आपल्या माणसाचा रुमाल उचलतो. उचलला की हक्क संपला. नंतर त्याला घ्यायचं तर चिल्लर पगारावर, तेही मनात आलं तर.

मी लहान असताना वर्ध्याच्या स्टँडवर वडिलांनी असाच रुमाल टाकला होता. आम्ही आत पोहोचलो तर एक धिप्पाड गृहस्थ तो बाजूला सारून बसलेले. "नुसतं फडकंच तर होतं," ते म्हणाले. माझ्या आईचा आवाज आम्ही घरातही कधी चढलेला ऐकला नव्हता. तिनं पदर खोचला आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "रुमाल आहे म्हणजे माणूस आहे. उठा." गृहस्थ उठले. आई खिडकीशी बसली आणि सेवाग्राम येईपर्यंत कुणाशी बोलली नाही.

ओमारीला पूर्ण पगार द्यायचा तर ल्यूथरचा रुमाल उचलावा लागेल, असं संघाच्या जनरल मॅनेजरनं कॅल्विनला कळवलं. हा मॅनेजर तरुण, गोड बोलणारा, दर दोन वाक्यांनी 'फॅमिली' म्हणणारा. ज्या ऑफिसात 'फॅमिली' जास्त ऐकू येतं तिथे पगारवाढ कमी मिळते, हे प्लेनोत राहणाऱ्या कुणालाही मी सांगायला नको. तो म्हणाला, ल्यूथरला यंदा आम्हाला सोडू द्या, आम्ही त्याला विसरणार नाही.

असंच 'विसरणार नाही' मी ऑफिसात नवी असताना ऐकलं होतं. तेव्हा डॅरिल नावाच्या आमच्या उंच, लाजाळू खेळाडूचा रुमाल असाच तोंडी शब्दावर उचलला गेला. मला तेव्हा कुणी विचारत नव्हतं. डॅरिल वर्षभर फोन जवळ घेऊन बसला. मग त्या संघाच्या ऑफिसातली माणसं बदलली, आणि शब्द कुणी दिला होता हेच कुणाला आठवेना. डॅरिल आता एका शाळेत पोरांना शिकवतो, बरं चाललंय त्याचं. पण त्याचं नाव निघालं की मला आजही वाईट वाटतं.

कॅल्विन मला म्हणाला, "शोभा, आधी ओमारीचं होऊन जाऊ दे. ल्यूथरचं मग बघू."

ओमारीचा पगार मोठा, म्हणजे आमचं कमिशनही मोठं. कॅल्विन वाईट माणूस नव्हता. पण ऑफिसचं भाडं चढलं होतं, आणि भाड्याच्या तारखेला भल्याभल्यांची तत्त्वं जरा वाकतात. मी म्हटलं, "दोघंही आपली माणसं आहेत. दोघंही एकाच खोलीत बसतील आणि दोघांनाही एकच गोष्ट सांगितली जाईल. नाहीतर मी आत्ता पर्स उचलते आणि घरी जाते."

 कॅल्विननं दोघांना फोन केले.

दुपारी दोघं आले. आमच्या खुर्च्यांत ते मावत नसत, पाय थेट टेबलाखालून माझ्या बाजूला येत. मी चिवड्याचा डबा मध्ये ठेवला आणि सगळं सांगितलं, एसटीसकट. ओमारीला गंमत वाटली. ल्यूथरला नाही वाटली. तो डब्याकडे बघत म्हणाला, "मॅम, माझा रुमाल मीच उचलतो. पोरांना खेळू द्या एकत्र. मला सवय आहे ॲडजस्ट करायची."

त्यानं इंग्रजीत म्हटलेला तो एक शब्द माझ्या कानात मराठीतच शिरला. मी भडकलेच. "कुणासाठी ॲडजस्ट करतोस? ओमारीसाठी? त्यानं मागितलंय का तुझ्याकडे? टेरेलनं मागितलंय? मागतोय तो मालक, ज्याच्या घरासमोर हेलिकॉप्टर उतरतं. त्यानं कधी कुणासाठी काही सोडलंय? तुझ्यासारखी चांगली माणसं आपणहून उठतात, म्हणून त्यांना कुणाला उठवायची लाजही वाटत नाही!" कॅल्विननं माझ्याकडे असं बघितलं की जणू फाइलींचं कपाट बोलायला लागलंय. मी पाणी प्यायले. बोलले त्याचा मला अजिबात पश्चात्ताप झाला नाही.

ओमारीनं शांतपणे विचारलं, "दुसरा रस्ता आहे का?"

होता. त्या संघात एक खेळाडू दुखापतीमुळे दोन मोसम मैदानात उतरला नव्हता आणि पुन्हा उतरणारही नव्हता. त्याचा करार मात्र छताखाली ठाण मांडून होता. त्याला मोकळं करून त्याचे पैसे पूर्ण द्यायचे, पण पुढच्या वर्षांवर पसरून, अशी नियमात सोय आहे. त्यात त्याचं काही नुकसान नव्हतं. यंदा जागा मोकळी झाली असती. ओमारीला पूर्ण पगार मिळाला असता, रुमाल जागेवर राहिला असता, आणि शेवटी ल्यूथरला आत घेता आलं असतं. फक्त एवढं सगळं केल्यावर संघाचा एकूण पगार छताच्याही वर आखलेल्या दंडाच्या रेषेपलीकडे गेला असता आणि तो दंड मालकाला स्वतःच्या खिशातून भरावा लागला असता.

आम्ही मॅनेजरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दोघं समोर बसले आहेत हे कॅल्विननं त्याला आधीच सांगितलं. मॅनेजर पुन्हा 'फॅमिली'वर आला. ल्यूथरला आम्ही विसरणार नाही, म्हणाला.

"विसरणार नाही म्हणजे किती?" मी विचारलं.

"ते असं फोनवर बोलता येत नाही. तुम्हाला नियम माहीत आहेत."

"माहीत आहेत. असा छुपा शब्द द्यायला बंदी आहे. म्हणजे जे तुम्हाला बोलता येत नाही ते देताही येणार नाही. म्हणजे ते नाहीच." मग मी दुखापतवाल्या खेळाडूचा रस्ता सांगितला. त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही, माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ते ल्यूथरच्या देखत कुणी बोलू नये, एवढीच त्याची इच्छा होती. "त्यानं आम्ही दंडात जातो," तो म्हणाला.

"तुम्ही नाही जात. मालक जातात."

 मग ओमारी पुढे वाकला. "मालकांना सांगा, मला टेरेलबरोबर खेळायचंय. पण कुणाला उठवून त्याच्या जागेवर मी बसत नाही. ल्यूथर असेल तर मी येतो. नसेल तर आम्ही दोघं मिळून दुसरं गाव बघतो."

त्यावर ल्यूथर काहीतरी बोलणार होता. मी चिवड्याचा डबा त्याच्यापुढे सरकवला आणि त्याला गप्प केलं.

जुलैचा पहिला आठवडा या धंद्यात विचित्र असतो. बोलणी करायला परवानगी, सह्या करायला बहुतेकांना नाही. आपल्याकडे सुपारी फुटते पण लग्न लागायचं असतं, तसे ते दिवस. त्यात कुणीतरी बातमी सोडली, की एक म्हातारा, हावरा खेळाडू दोन ताऱ्यांचं जमू देत नाहीये. कुणी सोडली हे मी सांगत नाही, वाचक सुज्ञ आहेत. ल्यूथरच्या नावानं शिव्यांचा पाऊस पडला. त्याच्या मुलीला पोहण्याच्या क्लासमध्ये कुणी विचारलं, तुझे बाबा रिटायर का होत नाहीत? ल्यूथरनं मला फोन केला. "मॅम, अजून वेळ गेली नाही. मी सोडतो." त्याचा आवाज थकला होता. मी म्हटलं, "तू सोडलंस तर तुझी मुलगी काय शिकेल? चारचौघांनी ओरडलं की उठायचं असतं, हेच ना?" त्यानं फोन ठेवला, पण सोडलं नाही.

त्याच दिवशी इंडियन ग्रोसरीत प्रसाद भेटला. पुण्याचा, मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये, आमच्या मंडळात ढोल वाजवतो. भेंडी निवडता निवडता म्हणाला, "काकू, काय हो तुमचा तो ल्यूथर, सगळं डील अडकवून बसलाय यार. इतकी वर्षं एवढे पैसे कमावले, आता थोडं कमी घ्यायचं ना."

"प्रसाद, तुझ्या मॅनेजरनं उद्या म्हटलं, एक भारी इंजिनिअर हायर करायचाय, तू चिल्लर पगारावर काम कर, आम्ही तुला विसरणार नाही. तर?"

"रिझाइन करेन."

"करशील?"

 प्रसाद ग्रीन कार्डच्या रांगेत होता. कंपनी बदलायची म्हणजे पुन्हा कागदपत्रं, पुन्हा धास्ती. तीन वर्षं कंपनीनं बढती नाकारली तरी तो तिथेच होता. "नाही करता येणार, काकू," तो म्हणाला. "तुम्हाला माहितीये."

"मग ज्याला करता येतं त्याला तरी शिव्या देऊ नकोस. तो मोकळा आहे म्हणून मालकाला नाही म्हणू शकतो. आपल्यापैकी कुणीतरी म्हणतंय, याचा तुला आनंद व्हायला हवा."

त्यानं भेंडीची पिशवी बांधली आणि म्हणाला, "आपल्यापैकी म्हणजे, तो बास्केटबॉल प्लेयर आहे काकू."

"नोकरदार आहे," मी म्हटलं.

सह्यांच्या आदल्या दिवशी दुपारी मॅनेजरचा फोन आला. मालकांनी फॅमिलीसाठी मोठा त्याग करायचं ठरवलंय, म्हणाला. कॅल्विननं फोन म्यूट केला आणि आम्ही दोघं इतके हसलो की खालच्या डोनटवाल्यानं वर येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना? मग सगळं ओळीनं झालं. दुखापतवाला खेळाडू पूर्ण पैशांनिशी मोकळा झाला, ओमारीनं सही केली, आणि सगळ्यांत शेवटी, छताच्या वर, रुमालाच्या हक्कानं ल्यूथरनं.  पेन ठेवून तो बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला, आणि आम्ही कुणी त्याच्या मागे गेलो नाही.

पॉटलकमधला पुढचा प्रश्न मला पाठ आहे. जिंकले का? नाही जिंकले. त्या वर्षीही नाही, पुढच्याही नाही. "बघा, गँग करून काय मिळालं?" असं सगळ्यांनी टाळ्या पिटून विचारलं. दोन मित्र शाळेत ठरवल्याप्रमाणे एकत्र खेळले, एका माणसाची नोकरी राहिली, त्याची मुलगी त्याच शाळेतून बाहेर पडली. मला तरी हे कमी वाटत नाही. त्यानंतर मालकांनी छताच्या वर आणखी कडक रेषा आखल्या. आता असं जमवणं फार अवघड झालंय. मी रिटायर झालेय, पण नवं बाड आणून वाचलंय. त्यातही फटी आहेत. कुणाला हव्या असतील तर मी घरीच असते.

त्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला ल्यूथरनं माझ्यासाठी गेटवर तिकीट ठेवलं होतं. इतकी वर्षं या धंद्यात काढून मी कधी खाली बसले नव्हते. आमची जागा नेहमी वर, जिथून खेळाडू अंगठ्याएवढे दिसतात. शोधत शोधत मी खाली उतरत गेले, ती संघाच्या बाकामागे येऊन थांबले. रांग भरलेली होती. मालकांचे पाहुणे असावेत, सगळे सुटाबुटात. मधली एकच खुर्ची रिकामी, आणि तिच्यावर संघाचा पांढरा टॉवेल पसरून टाकलेला. शेजारचा गृहस्थ आपला कोट त्यावर ठेवायच्या बेतात होता. मी थांबलेली बघून तो अदबीनं म्हणाला, "सॉरी मॅडम, ही जागा कुणीतरी धरलेली दिसते."

पुढे बाकावर ल्यूथर बुटाची नाडी बांधत होता. त्यानं मागे वळून बघितलं नाही.

"दिसतंय मला," मी म्हटलं, टॉवेल उचलला आणि बसले.